बळी, बुर्जी आणि मात : मराठी मुलुखातील आक्रमक बुद्धिबळाचा मागोवा

बुद्धिबळात एखादा मोहरा, त्याच्या तोलाचा दुसरा मोहरा लगोलग मिळणार नाही हे ठाऊक असताना, जाणूनबुजून प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ देणे याला बलिदान म्हणतात. बलिदानाविषयी जे लिहिले जाते त्यात खेळाडूच्या धाडसाचे आणि प्रतिभेचे कौतुक भरपूर असते, आणि ते रास्तही आहे; परंतु मोहरा केव्हा द्यावा, कशासाठी द्यावा आणि तो दिल्यावर हाती काय लागावे, हे सारे अखेर पटावरच्या नियमांवर ठरते, आणि हे नियम काळागणिक व प्रांतागणिक बदलत आले आहेत. राजाला संकटातून सुटण्याच्या कोणत्या सवलती आहेत, प्याद्याला बढती कशी मिळते, कोणत्या मोहऱ्याने केलेली मात मानाची समजली जाते, या गोष्टी बदलल्या की हल्ल्याची रीतही बदलते. मराठी मुलुखात या खेळाला सुमारे नऊशे वर्षांची लेखी परंपरा आहे आणि तिच्यातला बहुतेक काळ इथला खेळ आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळला जात नव्हता. त्यामुळे इथल्या आक्रमक खेळाचा इतिहास समजून घ्यायचा, तर आधी नियमांच्या इतिहासात शिरावे लागते.

या परंपरेतला सर्वांत जुना ठळक पुरावा कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातून येतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत राजाला हवे ते सारे ज्ञान पाच विंशतींत, म्हणजे प्रत्येकी वीस प्रकरणांच्या पाच भागांत, मांडलेले आहे. त्यातल्या पाचव्या, क्रीडेला वाहिलेल्या भागात साठाहून अधिक श्लोक बुद्धिबळावर आहेत. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर आणि त्याला लागून असलेला नाशिक जिल्ह्यातील सिन्नर हा टापू त्या काळी यादवांच्या ताब्यात होता आणि यादव चालुक्यांचे मांडलिक होते. त्यामुळे ज्या राजसत्तेच्या मनोरंजनाचे वर्णन ‘मानसोल्लासा’त आढळते, तिची छाया गोदावरी आणि प्रवरेच्या खोऱ्यावरही होती. या ग्रंथाची नोंद इथे घ्यायची ती विशेषतः एका कारणासाठी. बुद्धिबळ हा वेळ घालवण्याचा खेळ असूनही तो मांडताना ग्रंथकाराने चतुरंग सेनेची, म्हणजे हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ या चार अंगांनी उभ्या असलेल्या सैन्याची कल्पना सोडलेली नाही. पट म्हणजे रणभूमी, आणि रणभूमीवर सैनिक खर्ची पडणारच, हे गृहीत धरूनच हा खेळ इथे रुजला.

पुढचा महत्त्वाचा पुरावा १७व्या शतकातला आहे आणि त्याचे मूळ अहिल्यानगर जिल्ह्याच्या अगदी सीमेवर, शेवगाव तालुक्यासमोर गोदावरीच्या पलीकडच्या काठावर असलेल्या पैठणात आहे. पैठणच्या भट्ट घराण्यातील रामेश्वरभट्ट १६व्या शतकाच्या पूर्वार्धात काशीला गेले आणि त्यांच्या वंशजांनी काशीत धर्मशास्त्राची मोठी परंपरा उभी केली. रामेश्वरभट्टांचे पुत्र नारायणभट्ट, त्यांचे पुत्र शंकरभट्ट आणि शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठभट्ट अशी ही शाखा आहे. शिवाजी महाराजांच्या १६७४मधील राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट हे नीलकंठभट्टांच्या चुलतभावाचे, दिनकरभट्टांचे, पुत्र होत. नीलकंठभट्टांनी ‘भगवंतभास्कर’ नावाचा बारा मयूखांचा, म्हणजे बारा किरणांचा, धर्मशास्त्रीय ग्रंथ रचला आणि त्यातल्या राजनीतीवरच्या ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाचे प्रकरण घातले. १९व्या शतकात जर्मन संस्कृतज्ञ अल्ब्रेख्ट वेबर यांनी या प्रकरणाकडे युरोपातील अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यात मोहऱ्यांची मांडणी आणि चाली तर आहेतच, पण घोड्याने एकाही घरात पुन्हा पाऊल न टाकता चौसष्ट घरे कशी फिरावीत याच्याही रचना दिल्या आहेत. व्यवहार, श्राद्ध आणि प्रायश्चित्त यांवर अधिकारवाणीने लिहिणाऱ्या पंडिताने राजनीतीच्या ग्रंथात हा खेळ घ्यावा, यावरून त्या काळच्या विद्वज्जनांत त्याला किती प्रतिष्ठा होती हे कळते. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी ‘भगवंतभास्करा’तील व्यवहार आणि दायभागाचा भाग बारकाईने चाळला, आणि हे प्रकरण मात्र मराठी वाचकांपर्यंत जवळजवळ पोहोचलेच नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आता देशी खेळाच्या नियमांकडे वळायला हवे, कारण बलिदानाचे मर्म तिथे आहे. या नियमांची माहिती मुख्यतः १९व्या शतकातील नोंदींतून आणि हॅरल्ड मरे यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या बुद्धिबळाच्या बृहद् इतिहासातून मिळते. तपशील प्रांतोप्रांती वेगळे असले तरी काही गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्या होत्या. प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे सरके. आज त्याला पहिल्यांदा दोन घरे जाण्याची मुभा असते. किल्लेकोट, म्हणजे राजाने हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकून आणि हत्तीने त्याला ओलांडून पलीकडे बसून एकाच खेळीत आडोसा मिळवण्याची सोय, देशी खेळात नव्हती. त्याऐवजी राजाला साऱ्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई, आणि तीही तोवर त्याला एकदाही शह बसलेला नसेल तरच. प्यादे शेवटच्या रांगेत पोहोचले की ते ज्या उभ्या पट्टीत असेल त्या पट्टीच्या मूळ मोहऱ्याची बढती त्याला मिळे: हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा, राजा व वजीर यांच्या पट्ट्यांत वजीर, आणि पुष्कळ ठिकाणी तसा मोहरा आधी मारला गेलेला असेल तरच ही बढती मिळे. शह नसताना प्रतिस्पर्ध्याला खेळीच उरणार नाही अशी कोंडी करणे निषिद्ध होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे सारे मोहरे व प्यादी मारून त्याचा राजा एकटा पाडला, तर त्याला बुर्जी म्हणत आणि असा डाव पुरता जिंकलेला मानत नसत. कुठे तो बरोबरीत सुटे, तर कुठे अर्धाच विजय धरला जाई. याउलट प्याद्याने दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही सर्वांत मानाची.

या नियमांचा हल्ल्यावर काय परिणाम होतो ते नीट पाहण्यासारखे आहे. आजच्या खेळात, ज्याला एक हत्ती अधिक मिळाला तो खेळाडू सहसा घाई करत नाही. तो उरलेले मोहरे एकास एक मारून पट रिकामा करत जातो आणि अखेरीस त्या एका हत्तीच्या बळावर सहज मात करतो. देशी खेळात हा मार्ग धोक्याचा होता, कारण पट फार रिकामा झाला की बुर्जीची वेळ जवळ येई आणि हातातोंडाशी आलेला विजय अर्ध्यावर उतरे. प्रतिस्पर्ध्याजवळ चार मोहरे शिल्लक असतानाच त्याच्या राजाला गाठणे हे तिथे अधिक फायद्याचे होते. म्हणजे आपला मोहरा देऊन राजाला उघड्यावर ओढण्याची जी खेळी आधुनिक खेळात विशेष धाडसाची वाटते, तिच्यामागे देशी खेळात साधा हिशेब होता: शत्रूचे मोहरे मारत बसण्यापेक्षा ते जागच्या जागी निरुपयोगी करून ठेवावेत आणि राजा घ्यावा. प्यादेमातीच्या मानामुळे या हिशेबाला आणखी एक धार येई. प्याद्याने मात करायची, तर वजीर आणि हत्ती यांनी राजाला नेमक्या घरापर्यंत हाकत आणायचे आणि अनेकदा त्या कामात स्वतः मरायचे. मोठ्या मोहऱ्यांनी देह ठेवून लहानाला यश द्यायचे, अशी ही रचना असे.

राजाच्या एकमेव उडीचा नियमही असाच बोलका आहे. पहिला शह बसला की ही सवलत गेली; त्यामुळे राजा अजून मध्यावर उभा असताना एखादे प्यादे किंवा क्वचित घोडा देऊनही शह बसवला, तर त्या शहाने तत्काळ काही मिळाले नाही तरी राजाची सुटकेची वाट कायमची बंद होई आणि पुढच्या हल्ल्याला निश्चित लक्ष्य मिळे. आजच्या खेळाडूला शहाचे इतके स्वतंत्र मोल वाटत नाही, कारण आजच्या नियमांत शह बसल्याने किल्लेकोटाचा हक्क जात नाही. शहाला उत्तर देताना राजा जागचा हलला तरच तो जातो. बढतीच्या नियमाचाही असाच एक दूरचा परिणाम होता. सारे मोहरे शाबूत असलेल्या खेळाडूचे प्यादे सातव्या रांगेत अडकून पडण्याची शक्यता होती, आणि ज्याने हत्तीच्या पट्टीतले प्यादे पुढे रेटले आहे त्याच्या दृष्टीने एक हत्ती योग्य मोबदल्यात आधी खर्च झालेला असणे गैरसोयीचे नव्हते. मोहऱ्याचे मोल पटावरच्या स्थितीवर ठरते, हे तत्त्व युरोपीय ग्रंथांनी पुढे सविस्तर मांडले. देशी खेळाडूला ते नियमांनीच अंगवळणी पडले होते.

बलिदानाला रचनेचे रूप देण्याची कला मात्र अधिक जुनी आहे आणि ती फारसी-अरबी जगातून दख्खनच्या दरबारांतही परिचित असलेल्या भाषेत पोहोचली होती. ठरावीक स्थिती मांडून तीतून मात शोधण्याच्या कोड्याला मनसूबा म्हणत. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध मनसूबा दिलारामचा. आख्यायिका अशी की एका अमिराने पणाला सर्वस्व लावून शेवटी आपली पत्नी दिलाराम हिलाही पणाला लावले, आणि डाव हरत आला असता पडद्याआडून पट पाहणाऱ्या दिलारामने त्याला सुचवले की मला देऊ नका, दोन्ही हत्ती द्या. कथा खरी असो वा रचलेली, त्या स्थितीतले गणित मात्र पक्के आहे: एका हत्तीचा बळी, मग जुन्या चालीचा, तिरपे दोन घरे उडी मारणारा मोहरा पुढे टाकून उघड शह, मग दुसऱ्या हत्तीचाही बळी, त्यानंतर प्याद्याचा शह आणि शेवटी घोड्याची मात. वजीर आणि उंट यांना त्या काळी आजच्यासारखी लांब पल्ल्याची चाल नव्हती, ती युरोपात १५व्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. म्हणून जुन्या खेळात हत्ती हाच सर्वांत बलाढ्य मोहरा होता, आणि दोन हत्ती देणे म्हणजे आपले सारे बळ देणे होते.

या दोन धारा, म्हणजे देशी खेळातली प्यादेमातीची आवड आणि मनसूब्याची रचनाकला, १८१४ साली मुंबईत छापल्या गेलेल्या एका पुस्तकात एकत्र आलेल्या दिसतात. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे ते इंग्रजी भाषांतर होते आणि मुखपृष्ठावरच ते युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतल्याचे सांगितले होते. त्यातला मुख्य भाग मांडलेल्या स्थितींचा, म्हणजे कोड्यांचा आहे. मराठेशाही अजून पुण्यात नांदत असताना मुंबईच्या छापखान्यातून संस्कृत पंडिताचे बुद्धिबळाचे पुस्तक इंग्रजी वाचकांसाठी बाहेर पडते, आणि ते पडताना आपले नियम बाजूला ठेवून परक्यांचे नियम स्वीकारते, ही घटना लहान दिसली तरी दूरगामी आहे. देशी खेळाडूंच्या कल्पकतेला बाहेरच्या जगात जायचे तर नियमांची वेस ओलांडावी लागेल, हे तिरुवेंगडाचार्यांनी ओळखले असावे. कोड्यांचा हा व्यवहार पुढे उलट्या दिशेनेही झाला: हिंदुस्थानात राहणारे पाद्री हेन्री लव्हडे यांनी १८४५ साली ‘शागीर्द’ या टोपणनावाने लंडनच्या नियतकालिकाकडे एक कोडे पाठवले, आणि एका मोहऱ्याने मुद्दाम मागे सरून दुसऱ्याला वाट करून द्यायची व मग उघड शहाने मात करायची ही त्यातली कल्पना आजही कोड्यांच्या शास्त्रात ‘इंडियन प्रॉब्लेम’ म्हणून ओळखली जाते.

प्रत्यक्ष डावांत दोन परंपरांची गाठ पडली ती कलकत्त्यात. स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन आणि बंगाली खेळाडू महेशचंद्र बॅनर्जी यांच्यात १८४८पासून पुढे शेकडो डाव झाले. त्यांत एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट घडली. महेशचंद्र देशी सवयीने प्यादी एकेक घर सरकवत, उंट बाजूच्या लांब कर्णावर बसवत आणि प्रतिस्पर्ध्याला मध्य ताब्यात घेऊ देऊन मग त्यावर मागून मारा करत. काळ्या मोहऱ्यांच्या ‘इंडियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बचावपद्धतींच्या नावामागे हीच आठवण आहे. कॉक्रेन मात्र जन्मजात हल्लेखोर होते. पेट्रॉव्ह बचावात चौथ्याच खेळीला काळ्या राजाशेजारचे प्यादे मारून घोडा देऊन टाकायचा आणि राजाला किल्लेकोटाआधीच उघड्यावर आणायचे, ही आज ‘कॉक्रेन गँबिट’ म्हणून ओळखली जाणारी चाल त्यांनी महेशचंद्रांविरुद्धच खेळली. गँबिट म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच वेगाने मोहरे बाहेर काढण्यासाठी किंवा हल्ल्याची वाट उघडण्यासाठी दिलेला बळी. देशी खेळात कोड्यांपुरती आणि डावाच्या अंतापुरती जी निष्ठुर उधळण होती, ती पहिल्या चार खेळ्यांत करता येते हे इथल्या खेळाडूंना कॉक्रेन यांनी दाखवले, कारण त्यांच्या नियमांत प्यादी दोन घरे धावत आणि त्यामुळे मोहऱ्यांना वाटा लवकर खुल्या होत. देशी पद्धतीत डावाची मांडामांड संथ असे. हल्ला उशिरा येई, पण आला की निर्णायक असे. देशी खेळ म्हणजे नुसता हल्ला, असा समज करून घेणे मात्र चुकीचे ठरेल. पंजाबात देशी नियमांवर वाढलेले मीर सुलतान खान यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१च्या स्पर्धेत माजी विश्वविजेते कापाब्लांका यांना हरवले, ते प्रामुख्याने धिम्या डावपेचांच्या आणि डावाच्या अंतावरील पकडीच्या जोरावर. सुरुवातीच्या खेळ्यांच्या युरोपीय सिद्धान्तात ते शेवटपर्यंत कच्चे राहिले.

कॉक्रेन आणि महेशचंद्र खेळत होते त्याच काळात युरोपात बलिदानाचा सुवर्णकाळ चालू होता. २१ जून १८५१ रोजी लंडनमध्ये अडॉल्फ अँडरसन यांनी लिओनेल किझेरिट्स्की यांच्याविरुद्ध एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेर वजीर देऊन उरलेल्या हलक्या मोहऱ्यांनी तेविसाव्या खेळीला मात केली. ‘अमर डाव’ म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि त्याची रचना दिलारामच्या मनसूब्याशी किती जुळते हे पाहून थक्क व्हायला होते. पुढे १८८६ साली पहिले अधिकृत विश्वविजेते झालेले विल्हेल्म स्टाइनिट्झ यांनी या उधळणीला शास्त्राचा लगाम घातला: स्थितीतले लहानसहान फायदे आधी साठवलेले असतील तरच हल्ला यशस्वी होतो, आणि तसे ते नसतील तर बचाव करणाऱ्याने शांतपणे बळी स्वीकारावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. ऑस्ट्रियन ग्रँडमास्टर रुडॉल्फ श्पीलमान यांनी १९३५ साली बलिदानावर स्वतंत्र पुस्तक लिहून खरे आणि दिखाऊ बलिदान असा भेद केला. ज्यात मोहरा ठरावीक खेळ्यांत व्याजासह परत मिळतो हे मोजून पाहता येते ते दिखाऊ. ज्यात परतीची हमी नसते, फक्त वेळ, वाट किंवा राजाचा उघडेपणा हाती येतो ते खरे. या कसोटीवर पाहिले तर देशी खेळातली प्यादेमातीची कोडी दिखाऊ बलिदानात मोडतात, कारण त्यांची उत्तरे शेवटपर्यंत मोजलेली असत. आणि राजाची उडी हिरावण्यासाठी दिलेले प्यादे हे खरे बलिदान ठरते. दुसऱ्या प्रकारच्या बलिदानाच्या नोंदी मात्र जवळजवळ नाहीत, कारण देशी डाव लिहून ठेवण्याची रीत नव्हती. कोडी ग्रंथांत उरली आणि डाव खेळाडूंबरोबर गेले, ही या परंपरेची सर्वांत मोठी हानी म्हणावी लागेल.

२०व्या शतकात महाराष्ट्राने नियमांची वेस ओलांडली. १९२४ साली पॅरिसमध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघ आणि १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपदात महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने शिबिरांची आणि स्पर्धांची जी वाट घालून दिली तिच्यातून भाग्यश्री साठे (पुढे ठिपसे) आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू घडल्या. मुंबईत ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुलींनी महिलांचे पहिले तीन राष्ट्रीय किताब लागोपाठ घरी आणले: १९७४ साली वासंती, १९७५ साली जयश्री आणि १९७६ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, रोहिणी. रोहिणी खाडिलकर यांनी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला तेव्हा मोठा विरोध झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना स्त्रियांना राष्ट्रीय स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही असा निर्वाळा द्यावा लागला. पटावरच्या कोणत्याही हल्ल्याइतकेच ते पाऊल धाडसाचे होते, आणि त्याचा लाभ पुढच्या प्रत्येक पिढीतील मुलींना झाला. यानंतर प्रवीण ठिपसे १९९७ साली भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले आणि २००० साली पुण्याचे अभिजित कुंटे चौथे.

अहिल्यानगर जिल्ह्याला हा मान मिळाला तो २०१६ साली, शार्दूल गागरे यांच्या रूपाने. १९९७ साली जन्मलेल्या या खेळाडूने ज्या वयात किताब मिळवला, त्या वयात जुन्या पिढीतील खेळाडू अजून परदेशातील पहिल्या स्पर्धेसाठी पैशांची जमवाजमव करत असत. पुणे, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मध्ये वसलेल्या या जिल्ह्यातून ग्रँडमास्टर निघतो, तो अर्थातच तिरुवेंगडाचार्यांच्या किंवा नीलकंठभट्टांच्या परंपरेतून थेट आलेला नसतो. ती परंपरा तुटली होती. मधल्या काळात नियम बदलले, पुस्तके बदलली, आणि १९९०नंतर संगणकाने सराव बदलला. आजचा खेळाडू आपले बलिदान घरीच यंत्रावर तपासून आणतो, आणि तरीही पटावर बसल्यावर ते करण्याचे धैर्य त्याला स्वतःलाच गोळा करावे लागते.

याचे या प्रदेशाजवळचे सर्वांत झळझळीत उदाहरण नाशिकच्या विदित गुजराथी यांचे आहे. १९९४ साली जन्मलेले विदित २०१३ साली ग्रँडमास्टर झाले, नोव्हेंबर २०२३मध्ये आयल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून ते आव्हानवीरांच्या, म्हणजे विश्वविजेत्याचा प्रतिस्पर्धी ठरवणाऱ्या आठ जणांच्या स्पर्धेस पात्र ठरले, आणि महाराष्ट्रातून तिथवर पोहोचलेले ते पहिले पुरुष खेळाडू होत. एप्रिल २०२४मध्ये टोरंटोला झालेल्या त्या स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत त्यांची गाठ अमेरिकेच्या हिकारू नाकामुरा यांच्याशी पडली. नाकामुरा त्याआधीचे सलग ४७ दीर्घ पल्ल्याचे डाव हरले नव्हते आणि त्या दिवशी पांढरे मोहरे त्यांच्याकडे होते. विदित यांनी बर्लिन बचाव निवडला, जो एरवी अतिशय भक्कम आणि काहीसा कोरडा समजला जातो. आणि डाव अजून पुरता आकाराला आलेला नसताना त्यांनी आपला पांढऱ्या घरांवरचा उंट पांढऱ्या राजाच्या पुढ्यातील एच-३ घरातल्या प्याद्यावर घातला.

या खेळीत काय घडते ते सांगायला हवे. किल्लेकोट केलेल्या राजापुढे एफ, जी आणि एच या पट्ट्यांतल्या तीन प्याद्यांची भिंत असते, आणि एच पट्टीतले प्यादे एक घर पुढे सरकवणे ही तर नित्याची खबरदारी आहे, कारण त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या उंटाला आणि घोड्याला जी-४ घरात बसता येत नाही. परंतु तेच पुढे आलेले प्यादे उंटाने मारले आणि जी पट्टीतल्या प्याद्याने उंट परत मारला की भिंतीत दोन खिंडारे पडतात, जी पट्टी उघडी होते आणि काळ्या वजिराला व घोड्यांना राजाच्या दारापर्यंतची वाट मिळते. उंट तीन प्याद्यांच्या तोलाचा धरला जातो. मोबदल्यात एक-दोन प्यादीच मिळतात. बाकीची किंमत राजाच्या उघडेपणात वसूल करायची असते, आणि ती वसूल होईलच असे कोणी सांगू शकत नाही. श्पीलमान यांच्या अर्थाने हे खरे बलिदान. विदित यांनी ते घरी अभ्यासून आणले होते, नाकामुरांना मात्र प्रत्येक खेळीचे उत्तर घड्याळ चालू असताना शोधावे लागले, आणि त्या ओझ्याखाली त्यांचा बचाव कोसळला.

देशी खेळाच्या चष्म्यातून हा डाव पाहिला तर त्याचे वेगळेपण अधिक उठून दिसते. ज्या किल्लेकोटाने राजाला घर मिळते, त्याच किल्लेकोटाने हल्लेखोराला त्याचा कायमचा पत्ता मिळतो. एच-३ किंवा एच-७ या घरांवरची बलिदाने इतकी ठरीव झाली आहेत की त्यांची उदाहरणे १७व्या शतकातल्या जोआकिनो ग्रेको या इटालियन खेळाडूच्या वह्यांपासून सापडतात. देशी राजाला असा पत्ता नव्हता. तो उडी मारेपर्यंत मध्यावर असे आणि उडी मारून कुठे बसेल हे आधी सांगता येत नसे. त्यामुळे त्याच्यावरचे बलिदान भिंत फोडण्यासाठी नसून त्याला हव्या त्या घराकडे ओढण्यासाठी असे. नीलकंठभट्टांच्या काळातल्या खेळाडूला विदित यांची खेळी आधी अनाकलनीय वाटली असती. पण उंट गेल्यानंतर वजीर, घोडे आणि प्यादी यांनी एकत्र राजावर चालून जाणे त्याने तत्काळ ओळखले असते.

टोरंटोच्या नवव्या फेरीत पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना विदित यांनी नाकामुरांना पुन्हा हरवले. इतर डावांत मात्र त्यांना तीच किमया साधता आली नाही आणि १४ फेऱ्यांत ६ गुण मिळवून ते सहावे आले. ९ गुणांसह पहिले आलेले डी. गुकेश त्याच वर्षी विश्वविजेते झाले. सप्टेंबर २०२४मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने पुरुष आणि महिला अशी दोन्ही सांघिक सुवर्णपदके जिंकली तेव्हा पुरुष संघात नाशिकचे विदित होते, महिला संघात नागपूरच्या दिव्या देशमुख होत्या, आणि महिला संघाचे कप्तान पुण्याचे अभिजित कुंटे होते. दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हंपी यांना हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्या विजयानेच त्यांना ग्रँडमास्टर किताबही मिळाला.